यादी वाढली तो उन्हाळा

जून लागला की टेक्सासमधल्या आमच्या अर्विंग शहरात दोन गोष्टी ठरल्यासारख्या येतात. पार्किंग लॉटमधल्या क्रेप मर्टलच्या झाडांना गुलाबी तुरे येतात, आणि ऑफिसच्या मेलमध्ये वार्षिक प्रशिक्षण येतं: कामाच्या ठिकाणचा भेदभाव आणि छळ. बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ, अधूनमधून अभिनय करून दाखवलेले छोटे प्रसंग आणि शेवटी दहा प्रश्न. ऐंशी टक्के मिळाले की प्रमाणपत्र. माझे सहकारी आवाज बंद करून तो व्हिडिओ दुसऱ्या स्क्रीनवर चालू ठेवतात आणि आपलं काम करत राहतात. मी बघते. इअरफोन लावून, शेजारी वही ठेवून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलेल्या माणसाला परीक्षेची गंमत वाटत नाही. वसतिगृहातली कॉट, सरकारी कॉलेजातली सीट, डोक्यावरचं हे थंडगार एअर कंडिशनिंग, सगळं मला एकेका परीक्षेनं दिलेलं आहे. घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. त्यामुळे आभार मानण्याची सवय मला श्वासासारखी आहे.

व्हिडिओच्या चौथ्या मिनिटाला यादी येते. राखाडी कोटातली एक बाई शांत आवाजात वाचते: वंश, वर्ण, धर्म, लिंग, लैंगिक कल, लिंगभाव, मूळ देश, वय, अपंगत्व. यांपैकी कशावरूनही तुम्हाला कामावरून काढता येणार नाही, बढती नाकारता येणार नाही, त्रास देता येणार नाही. दहावीचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागायचा तेव्हा बोटानं नंबर शोधत आम्ही खाली खाली जायचो, तशी मी ती यादी वाचत जाते. माझा शब्द त्यात नसतो. माझा शब्द ‘जात’. दर वर्षी नसतो, हे मला माहीत आहे, तरी दर वर्षी मी शेवटपर्यंत बोट नेते.

आणि दर वर्षी मधल्या त्या दोन शब्दांपाशी, लैंगिक कल, लिंगभाव, माझं बोट थांबतं. ते तिथे पहिल्यापासून नव्हते. ते आले तो उन्हाळा मी पाहिलाय. मला त्या दोन शब्दांचा हेवा वाटतो. हे एवढं साधं वाक्य कागदावर उतरायला काही वर्षं गेली.

तो दोन हजार वीसचा उन्हाळा. ऑफिस बंद, घरं उघडी. मीटिंगमध्ये कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, कुणाचं पोर मांडीवर चढून कीबोर्ड बडवायचं, कुणाची सासू मागून पदर सावरत जायची. तीन महिन्यांत एकमेकांचे सोफे, पडदे, देव, सगळं बघून झालं. टीममध्ये दोनच घरं कुणी बघितली नव्हती. एक माझं. माझ्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीवर निळ्या कोटातला, हातात ग्रंथ घेतलेला तो फोटो आहे, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. आई त्यांना नुसतं ‘बाबा’ म्हणते. मीटिंग लागली की मी लॅपटॉप कपाटाकडे वळवायचे. कुणी विचारलं तर उजेडाचं कारण सांगायचे.

दुसरं घर मंदारचं. त्याचा कॅमेराच बंद असायचा.

मंदार पुण्याचा. माझ्याआधी दोन वर्षं टीममध्ये आलेला. ऑफिस चालू होतं तेव्हा मला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून तो सकाळी मला घ्यायला यायचा. त्याच्या गाडीत कॉफीचा वास आणि सीटवर कुत्र्याचे पांढरे केस. कुत्रा रूममेटचा, असं सांगायचा. एका सकाळी, ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, समोरच्या ट्रककडे बघत म्हणाला, “प्रज्ञा, एक सांगू? गाडीतच राहू दे पण.”

“सांग की.”

“डॅनियल माझा रूममेट नाहीये.”

“मला माहितीये.”

“कसं काय?”

“रूममेटच्या कुत्र्याला कुणी दर शनिवारी आंघोळ घालत नाही.”

तो इतका हसला की आमचा एक्झिट चुकला. मग पुढच्या वळणावर गंभीर झाला. “लग्न झालंय आमचं. दोन वर्षं झाली. ऑफिसच्या इन्शुरन्स फॉर्मवर मी अजून सिंगल लिहितो.”

“अरे, का पण?”

“टेक्सास आहे यार हे. उद्या कुणी काढून टाकलं तर कोर्टात जाऊन काय सांगू? कायद्यात आमचं नावच नाही.”

कायद्यात आमचं नावच नाही. ते ऐकून मला त्याच्याबद्दल जी माया वाटली ती अगदी खरी होती. माझ्याही ओठांवर माझं आलं होतं. त्यानं त्याचं दिलं, आपण आपलं द्यावं, इतकी साधी देवाणघेवाण. पण मी गिळलं. का गिळलं ते पुढे सांगते.

जूनच्या मध्यावरचा तो सोमवार. सकाळी नऊला मंदारचा मेसेज आला, नुसता एक शब्द: “बघितलंस?” मी बातमी उघडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की पुरुषावर प्रेम केलं म्हणून पुरुषाला काढायचं आणि तेच करणाऱ्या बाईला ठेवायचं, तर तो निर्णय लिंग बघूनच झाला. आणि लिंग बघून निर्णय घ्यायला कायद्यानं केव्हाच मनाई केलेली आहे. जन्माच्या वेळी ज्याला मुलगा म्हटलं तो बाई म्हणून कामावर आला, म्हणून त्याला काढणं, तेही तसंच. म्हणजे अर्धशतक ओलांडलेल्या त्या कायद्याच्या एका जुन्या शब्दाच्या पोटात ही माणसं पहिल्यापासून बसलेली होती. फक्त कुणी दार उघडून बघितलं नव्हतं. दावा लावणाऱ्यांपैकी काही जण तो निकाल ऐकायला जिवंत उरले नव्हते, हेही बातमीत होतं.

दहाच्या मीटिंगला मंदारचा कॅमेरा चालू होता. पिवळी भिंत. भिंतीवर लग्नाचा फोटो, दोघांच्याही गळ्यात झेंडूचे हार. मग बाजूनं एक उंच, दाढीवाला माणूस कॉफीचा मग घेऊन आला आणि कॅमेरा चालू आहे हे बघून दचकला. “धिस इज डॅनियल,” मंदार म्हणाला. “माय हजबंड.” त्याचा आवाज ‘माय’वर जरासा फाटला. चॅटमध्ये टाळ्यांची चित्रं धडाधड पडली. मीही टाळी दाबली.

आणि पोटात काहीतरी गरम सांडलं.

वसतिगृहात शनिवारी डबे यायचे. जवळच्या गावातल्या मुलींचे वडील एसटीनं डबा पाठवायचे. रेक्टरबाई दारात उभ्या राहून नावं पुकारायच्या. आमचं गाव लांब आणि माझ्या वडिलांची डेपोतली ड्यूटी रोजची, त्यामुळे माझा डबा येण्याची शक्यता नव्हती. तरी नावं पुकारली जाईपर्यंत मी पुस्तक उघडून बसायचे आणि एक अक्षर वाचायचे नाही. ज्यांचा डबा यायचा त्या मला लाडू द्यायच्या, अगदी प्रेमानं. मी खायचे. तोंडात गोड आणि पोटात गरम, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. त्या सोमवारी कुणीतरी एवढ्या मोठ्या देशाच्या दारात उभं राहून मंदारचं नाव पुकारलं होतं.

त्या दिवशी आईला फोन केला. आई अंगणवाडीत मदतनीस होती, तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. तिला सगळं सांगितलं, मंदारचं, डॅनियलचं, निकालाचं. मला वाटलं होतं तेवढं तिला ते अवघड गेलं नाही.

“म्हंजे आता त्यायले कामावरून काढता येत नाही?”

“नाही.”

“मंग चांगलं झालं नं बाई. पोट तर सगळ्यायलेच हाय.” मग थांबली. “अन् तू काहून रडून राह्यली?”

“आपलं नाव नाही त्यात, आई.”

“कशात?”

“इथल्या कायद्यात.”

“अन् आपल्या इकडल्या कायद्यात हाय नं? तुह्या त्या प्रॅक्टिकलच्या सराच्या टायमाले होतंच नं नाव. काय झालं?”

मी विषय बदलला. आईला कधीकधी नको तिथे नेमकं बोट ठेवता येतं.

गंमत अशी की माझा शब्द मला तिकडे नको इतका मिळाला होता. शाळेच्या दाखल्यावर, फीमाफीच्या फॉर्मवर, वसतिगृहाच्या अर्जावर, तहसील कचेरीच्या गोल शिक्क्यासकट. शाळेत स्कॉलरशिपवाले उभे राहा म्हणायचे तेव्हा मी उभी राहायचे. त्या शब्दानंच मला शिकवलं, मी ते नाकारणार नाही. ज्यांनी तो तिकडच्या कायद्यात घातला त्यांच्यामुळे मी आज हे लिहिते आहे. पण विमानातून उतरले तेव्हा वाटलं, चला, इथल्या कुठल्या फॉर्मवर तो रकाना नाही. मोकळी झाले. टीममध्ये रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी, लंच टेबलवर, आमच्या मॅनेजरनं विचारलं, “जाधव म्हणजे कुठले?”

मॅनेजर म्हणजे प्रसाददादा. नाशिकचे, पन्नाशीचे, सगळ्या देशी पोरांचे दादा. जाधव आडनाव आमच्यातही असतं आणि इतरांतही. मी म्हटलं, “वाशीमकडचे.” त्यांनी मान हलवून स्वतःच काहीतरी ठरवलं आणि मला वांग्याची भाजी वाढली. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. त्या दिवशी कळलं, रकाना विमानात माझ्या शेजारीच बसून आला होता. मागे राहिलं होतं ते फक्त संरक्षण.

दादा वाईट माणूस नव्हते. ते खरं तर अवघड आहे. त्या उन्हाळ्यात एकट्या राहणाऱ्या आम्हा चार-पाच जणांच्या दाराशी दर रविवारी ते तांदळाची पिशवी, कोथिंबीर, सॅनिटायझरची बाटली ठेवून जायचे आणि गाडीतून हॉर्न वाजवायचे. माझ्या ग्रीन कार्डाच्या फाइलमधलं पत्र त्यांनीच लिहायचं होतं. “पोरी, काळजी नको करूस,” असं ते म्हणायचे तेव्हा मला खरंच काळजी वाटत नसे.

मंदारला ते पत्र लागत नव्हतं. त्याचं कार्ड नवऱ्यामुळे झालं होतं. हेव्याला एकदा तोंड फुटलं की तो काय काय मोजतो! मी त्याचं कार्ड मोजलं, त्याची पिवळी भिंत मोजली, डॅनियलच्या आईनं पाठवलेला पीकन पाय नावाचा गोड पदार्थ मोजला. त्याला सुखानं बोलताना ऐकलं की मी माझा आवाज म्यूट करून बसायचे.

निकालानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मीटिंग संपली, बाकीचे गेले आणि दादा म्हणाले, “मंदार, थांब रे मिनिटभर. प्रज्ञा, तूपण.” आम्ही तिघंच मराठी. तिघंच उरलो की आमचं इंग्रजी आपोआप गळून पडायचं, चपला काढाव्यात तसं. आणि चपला काढल्या की माणसाला वाटतं, आता हे ऑफिस नाही, घर आहे. इथे बोललेलं धरलं जात नाही. ही चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात.

दादा म्हणाले, “बुधवारचा क्लायंट डेमो प्रज्ञा करेल.”

“का दादा? चार महिने मी बनवलंय ते.”

“कसंय ना, क्लायंट जुन्या वळणाचा. आणि तू हल्ली कॅमेऱ्यावर कुणालाही आणतोस. तुझ्या घरात काय चालतं त्याच्याशी मला घेणं नाही. पण असले प्रकार चारचौघांत नकोत रे. तुझ्यामुळे आपल्या लोकांचं नाव खराब होतं.”

“आपले लोक म्हणजे कोण, दादा?”

“अरे, आपण बसलोय ना आत्ता. मराठी माणसं. चांगल्या घरातली.” मग माझ्याकडे वळून, “प्रज्ञा, करशील ना?”

पडद्यावर आम्ही तिघं तीन चौकोनांत. मंदारचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्या तरी ‘चांगल्या घरातल्या’ माणसांत मोजली गेले होते.

“हो दादा,” मी म्हटलं.

बुधवारी मी डेमो केला. छान झाला. क्लायंटनं दोनदा ‘वंडरफुल’ म्हटलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी श्रीखंडाचा डबा आणून चमच्यानं अर्धा संपवला. मंदारला त्याचा शब्द मिळाला होता. मला त्याचा डेमो मिळाला. मनातल्या मनात मी फिट्टंफाट करून टाकली.

पुढच्या आठवड्यात एचआरच्या बाईंचा फोन आला. मंदारनं तक्रार केली होती. आवाज मृदू, प्रत्येक वाक्याआधी ‘टेक युअर टाइम’. म्हणाल्या, संभाषण मराठीत झालं, तिघंच होतात, मला भाषा येत नाही. मॅनेजर म्हणतात की कामाची वाटणी बदलली, बाकी काही बोलणं झालं नाही. तुम्हीच सांगू शकता. काय बोललं गेलं, शब्दाला शब्द?

मी कपाटाकडे बघत होते. म्हटलं, “मला नीट आठवत नाही. माझं इंटरनेट अडकत होतं.”

का बोलले असं? कार्डाची भीती होतीच. तांदळाच्या पिशव्यांचं ओझंही होतं. पण तळाशी दुसरंच होतं. डॅनियलबद्दल त्यानं मला सांगितलं त्याच्या दोन-तीन महिने आधी, त्याच गाडीत, मंदार टीममधल्या एका नव्या मुलाबद्दल बोलत होता. मुलगा आमच्याकडचाच, नागपूरच्या बाजूचा. त्याचा कोड मंदारला आवडला नव्हता. “कोट्यातून आलेले असतात यार,” तो म्हणाला, “कोड बघितला की कळतं.” मी खिडकीबाहेर बघितलं. नुसतं बघितलं नाही, थोडं हसलेही, कारण न हसणं म्हणजे सांगून टाकणं झालं असतं. म्हणून नंतर त्यानं त्याचं दिलं तेव्हा मी माझं गिळलं. आणि आता त्याला साक्ष हवी होती. माझी! कोट्यातल्या मुलीची. माझ्या आतली कुणीतरी हाताची घडी घालून बसली होती आणि म्हणत होती, मग, आता?

संध्याकाळी त्याचाच फोन. “एचआरनं सांगितलं, तुला आठवत नाही म्हणून. इट्स ओके, प्रज्ञा. कार्डाचं मला कळतं. राग नाहीये.”

त्याचा राग न येणंसुद्धा मला सोसलं नाही. मोठं मन ठेवायलाही पायाखाली थोडी जमीन लागते. मला कधी कुणाला असं सोडून देता आलं नव्हतं. मी ज्यांना सोडलं, त्यांना दुसरा उपायच नव्हता म्हणून सोडलं.

फोन ठेवला आणि आईनं बोट ठेवलं होतं ते दुखायला लागलं. प्रॅक्टिकलचे सर. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी माझं जर्नल उघडून, नाव वाचून, टेबलावर टाकलं आणि म्हणाले, “तुम्हाला कशाला अभ्यास हवा? पस्तीसला पास, पुढे नोकरी राखीव.” माझ्या बॅचच्या चार मुली शेजारीच उभ्या होत्या. मी तक्रार लिहिली. धाडसानं. कॉलेजात त्यासाठी समिती होती, भिंतीवर पाटी होती, माझा शब्द देशाच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथात छापलेला होता. विभागप्रमुखांनी चौघींना बोलावलं. एकीचा ड्रॉइंगचा ड्राफ्टर मी वर्षभर वापरला होता. एकीला आईच्या हातचा ठेचा आवडायचा. चौघी एकेक करून आत गेल्या, आणि चौघींनी सांगितलं, “आमचं लक्ष नव्हतं, सर.”

तक्रार मिटली. दुपारी मेसमध्ये चौघींनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

मी लॅपटॉपसमोर बसले आणि माझं ते वाक्य मनात पुन्हा ऐकलं. इंटरनेट अडकत होतं. लक्ष नव्हतं, सर. माझ्याकडे शब्द होता तेव्हा तोंड उघडणारं कुणी नव्हतं. मंदारकडे शब्द आला होता, आणि तोंड माझं होतं. इतके दिवस मी त्याच्या ज्या भाग्यावर जळत होते, त्यातलं अर्धं अजून त्याला मिळालेलंच नव्हतं. ते माझ्यापाशी होतं, आणि मी ते दाबून बसले होते.

बाहेर उजेड होता. टेक्सासचा जूनमधला दिवस साडेआठपर्यंत मावळत नाही. त्या उजेडात मी एचआरच्या बाईंना मेल लिहिला. सकाळी मी खोटं सांगितलं, असं पहिलं वाक्य. मग दादांचं बोलणं देवनागरीत, जसंच्या तसं. त्याखाली इंग्रजी. ‘चांगल्या घरातली’ याचं इंग्रजी करायला अर्धा तास गेला. मी तीन वेळा लिहून तीन वेळा पुसलं. शेवटी सरळ शब्द ठेवले आणि कंसात लिहिलं की या शब्दांचा अर्थ आमच्याकडे घराच्या स्वच्छतेशी नसतो.

पुढचं थोडक्यात. दादांची दुसऱ्या विभागात बदली झाली. रविवारचा हॉर्न थांबला. मराठी घरांतली हळदीकुंकवाची बोलावणी मला यायची बंद झाली. मला हळदीकुंकवाचं फारसं कधीच नव्हतं, पण बोलावणं न येणं वेगळं. कार्डाची फाइल नव्या मॅनेजरकडे गेली आणि दीड वर्ष मागे पडली. पुढचे डेमो मंदारला परत मिळाले. त्यानं मला मोठा मेसेज पाठवला, थँक्यूंनी भरलेला. मी एक हृदय पाठवलं. पुढच्या जूनच्या प्रशिक्षणात यादीत ते दोन शब्द स्वतंत्र वाचले गेले आणि मी खालपर्यंत बोट नेलं.

त्यानंतर इथल्याच कुठल्या एका शहरानं माझा शब्द त्यांच्या यादीत घातला. एका मोठ्या राज्यात तो गव्हर्नरच्या शेवटच्या सहीपर्यंत पोचला आणि सहीविना परत आला. त्या सहीची बातमी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचली. मंदारनं मला त्याबद्दल काही विचारलं नाही. तो कसा विचारणार? त्याला माहीतच नव्हतं.

आणि आता हा जून. यंदा व्हिडिओ एकतीस मिनिटांवर आलाय. मी वहीत वेळ लिहिते म्हणून कळलं. लिंगभावासोबत नाव बदललेल्या एका कर्मचाऱ्याला बॉस मुद्दाम जुन्या नावानं हाक मारतो, तो प्रसंग काढून टाकलाय. राखाडी कोटातली बाई यादी वाचते, पण ते दोन शब्द आता भरभर वाचते, खड्डा चुकवल्यासारखे. कायदा तोच आहे. देशातलं वारं फिरलं, म्हणून कंपनीनं आवाज खाली आणलाय. ऑफिसात जूनमध्ये प्राइड महिन्याची जी चर्चा व्हायची आणि दर वर्षी मंदार जिच्यात बोलायचा, तीही यंदा नाही, असा दोन ओळींचा मेल आला.

तो मेल वाचला आणि एक क्षण, डोळ्याची पापणी पडते तेवढा, मला बरं वाटलं.

हे लिहिताना कान तापलेत, पण लिहिते. घरात चोर सापडावा तशी मी स्वतःला सापडले. लगेच मंदारला फोन केला. दुपारी भेटायचं ठरलं. कालव्याच्या काठाला लाइव्ह ओकच्या सावलीत बाक आहेत, तिथे. गवतात काळे ग्रॅकल पक्षी गंजलेल्या बिजागरीसारखे ओरडत होते. तो आला तेव्हा मला त्याच्या कानाजवळचे पिकलेले केस दिसले.

“डॅनियल म्हणतो, दुसऱ्या राज्यात जाऊ,” तो म्हणाला. “मी म्हटलं, थांब, कायदा आहे अजून. पण खरं सांगू? परवा मीटिंगला कॅमेरा चालू करताना माझा हात थबकला. इतक्या वर्षांनी.” मग म्हणाला, “तेव्हा तू बोललीस म्हणून टिकलो मी.”

“मी आधी खोटं बोलले होते. नेट चांगलं चालू होतं.”

“माहितीये मला. दादांना ‘हो’ म्हणालीस ते स्वच्छ ऐकू आलं होतं.”

“मग कधी विचारलं का नाहीस?”

“भीती वाटली. कार्डाचं कारण असेल, असं धरून चाललो. ते सोपं होतं.”

“कार्डाचं होतंच,” मी म्हटलं. “दुसरंही होतं.”

मग मी त्याला माझा शब्द सांगितला. तहसील कचेरीच्या दाखल्यावर आहे तसा, पूर्ण. अमेरिकेत आल्यापासून तो मी कुणासमोर मोठ्यानं उच्चारला नव्हता, त्यामुळे आवाज थोडा शाळेतल्यासारखा निघाला. मी थांबले नाही. म्हटलं, “तू एकदा गाडीत बोलला होतास. त्या नव्या मुलाच्या कोडवरून.”

आता काय होतं ते मला पाठ आहे. माणूस कपाळाला आठ्या घालतो. मी? कधी? अगं, तसं नसेल म्हणायचं मला. लक्ष नसतं, आठवत नसतं. मी बाकाची कड धरून बसले. माझं नशीब फिरावं असं मला काही हवं नव्हतं, यादीत नावसुद्धा त्या घडीला नको होतं. मला फक्त बघायचं होतं, हा आत जाऊन काय सांगतो.

मंदार पाण्याकडून माझ्याकडे वळला.

“हो,” तो म्हणाला. “बोललो होतो मी. कोट्यातून आलेले असतात, कोड बघितला की कळतं, असं म्हणालो होतो. तू खिडकीबाहेर बघितलंस. आणि हसलीस.”

“हसले.”

“प्रज्ञा, मी...” तो सॉरी म्हणणार होता. त्याचे डोळे भरले होते.

मी हात वर केला. “सॉरी नंतर म्हण,” मी म्हटलं. “आधी ते ‘बोललो होतो मी’ परत एकदा सांग.”